विक्रम म्हणजे नेमका कोणता विक्रम?

२ सप्टेंबर २०२५ रोजी बातम्यांत 'विक्रम' झळकला, तो एक चिप होता. २१ ऑक्टोबरला तोच शब्द अर्थविषयक पानावर आला. शेअर बाजारात दुपारी पावणेदोन ते पावणेतीन मुहूर्ताचे सौदे झाले आणि विक्रम संवत २०८२ ची सुरुवात झाल्याचे छापून आले. क्रीडा पानावर तर विक्रम रोजच मोडतो. चंद्रावर विक्रम उभा आहे, लखनौच्या रस्त्यावर विक्रम भाडे मारत फिरतो, वेताळ विक्रमाच्याच खांद्यावर बसतो, आणि ओळखीपाळखीत एखादा विक्रम असतोच.

एवढ्या सगळ्यांच्या वाट्याला एकच नाव कसे आले? त्यांचे आपसात काही नाते आहे का? आणि वाचताना चालू विक्रम कोणता, हे ओळखायचे कसे? यासाठी व्याकरणातला एक शब्द आधी पक्का करू. 'विशेषनाम' म्हणजे एका व्यक्तीला, जागेला किंवा वस्तूला इतरांपासून वेगळे काढणारे नाव. नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम. शाळेत या दोन खात्यांमध्ये पक्की भिंत असल्यासारखे शिकवतात. विक्रम हा शब्द मात्र त्या भिंतीवरून शतकानुशतके इकडून तिकडे उड्या मारतो आहे. सामान्य शब्दाचे नाव झाले, नावाची पदवी झाली, पदवीचा संवत झाला, माणसाच्या नावाचे यंत्र झाले, आणि मराठीत तर तो पुन्हा साधा शब्दही झाला.

आधी पाऊल, मग पराक्रम

संस्कृतात 'क्रम्' हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ पाऊल टाकणे, चालणे. त्याला 'वि' हा उपसर्ग लागला की लांब, ऐसपैस टाकलेले पाऊल. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात 'इदं विष्णुर्वि चक्रमे त्रेधा नि दधे पदम्' अशी ऋचा आहे. विष्णूने हे सगळे आक्रमिले, तीनदा पाऊल ठेवले, असा तिचा साधा अर्थ. वामनाला 'त्रिविक्रम' म्हणतात ते यामुळेच. त्याने तीन पराक्रम केले म्हणून हे नाव पडलेले नाही. तीन विक्रम म्हणजे तीन पावले.

या धातूचे गोत मराठीत घरोघरी आहे. आक्रमण, अतिक्रमण, संक्रमण, परिक्रमा, उपक्रम, अनुक्रम ही सगळी पावलेच. मकरसंक्रांतीतली संक्रांतही सूर्याचे एका राशीतून दुसऱ्या राशीत पडलेले पाऊल. महापालिकेचे अतिक्रमणविरोधी पथक आणि वामन अवतार यांचा धातू एकच आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'विक्री' मात्र या घराण्यातली नव्हे. ती 'क्री', म्हणजे विकत घेणे, या वेगळ्या धातूवरून आली. 'विक्रमी विक्री' या मथळ्यातला अनुप्रास निव्वळ योगायोगाचा.

पावलाचा पराक्रम कसा झाला, हे फार समजावून सांगायला नको. लढाईत ज्याचे पाऊल पुढे पडते तो शूर. आजही 'पाऊल मागे घेतले' म्हटले की माघार घेतली असाच अर्थ होतो. कालिदासाच्या काळापर्यंत 'विक्रम' म्हणजे पराक्रम हा अर्थ पक्का झालेला दिसतो. त्याच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकाचे नाव ऐकून विक्रम आणि उर्वशी अशी जोडी डोळ्यांसमोर येते, पण त्या नाटकात विक्रम नावाचा नायक नाही. नायक आहे राजा पुरूरवा. विक्रमाने, म्हणजे पराक्रमाने, मिळवलेली उर्वशी असा त्या शीर्षकाचा अर्थ लावतात. दिसायला विशेषनाम आणि निघाले सामान्यनाम, अशी ही जुनी फसगत आहे.

नाव की पदवी?

'विक्रमादित्य' म्हणजे पराक्रमाचा सूर्य. हे आईवडिलांनी पाळण्यात ठेवलेले नाव असण्यापेक्षा राजाने घेतलेले बिरुद असण्याचीच उदाहरणे जास्त सापडतात. गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताने (सुमारे इ.स. ३७५ ते ४१५) ते आपल्या नाण्यांवर कोरले. त्याचा नातू स्कंदगुप्त यानेही ते वापरले. बदामीच्या चालुक्यांत दोन विक्रमादित्य झाले. कल्याणीच्या चालुक्यांत तर सहाव्या विक्रमादित्यापर्यंत मजल गेली. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य करणाऱ्या या सहाव्याने स्वतःचा 'चालुक्य विक्रम' शकही सुरू केला. १५५६ मध्ये दिल्ली घेतल्यावर हेमूने धारण केलेली पदवीही हीच.

हिंदकेसरी हा किताब आठवा. 'हिंदकेसरी कोण?' या प्रश्नाला 'कोणत्या सालचा?' हाच उलट प्रश्न करावा लागतो. विक्रमादित्याचे तसेच आहे. किताब एक, मानकरी अनेक.

पण किताब आणि माणूस यांत एक फरक आहे, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. किताब प्रसिद्ध झाला की इतरांच्या गोष्टीही त्याच खात्यावर जमा होऊ लागतात. वेताळाच्या पंचवीस गोष्टी घ्या. सोमदेवाच्या 'कथासरित्सागर' या अकराव्या शतकातल्या ग्रंथात प्रेत खांद्यावर घेणाऱ्या राजाचे नाव त्रिविक्रमसेन आहे. पुढे सांगता सांगता त्याचा उज्जैनचा विक्रमादित्य झाला, आणि आता तर नुसता विक्रम. विक्रमादित्याच्या दरबारातल्या नवरत्नांच्या यादीचे असेच. त्या यादीतला ज्योतिषी वराहमिहिर सहाव्या शतकातला. परंपरा ज्या विक्रमादित्याला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात बसवते, त्याच्या दरबारात वराहमिहिर असायचा तर त्याला जवळजवळ सहाशे वर्षे मागे जावे लागेल.

मग विक्रम संवत कोणाचा?

विक्रम संवताची गणना इसवी सनापूर्वी ५७ मध्ये सुरू होते. उज्जैनच्या विक्रमादित्याने शकांचा पराभव केला आणि त्याच्या स्मरणार्थ ही कालगणना सुरू झाली, अशी परंपरा सांगते. शिलालेख वाचायला बसले की चित्र जरा वेगळे दिसते. या गणनेच्या सुरुवातीच्या शतकांतल्या लेखांत 'विक्रम' हा शब्द येत नाही. आधी तिला 'कृत' म्हणत, मग 'मालव' म्हणू लागले. मध्य प्रदेशातल्या मंदसोरच्या रेशीम विणकरांच्या प्रसिद्ध शिलालेखात ४९३ आणि ५२९ ही मालव वर्षे आहेत, म्हणजे इ.स. ४३७ आणि ४७३ च्या सुमाराचा काळ. त्याच गणनेला विक्रमाचे नाव निःसंशयपणे जोडलेले दिसते ते नवव्या शतकाच्या आसपास. गणना तीच आणि आकडेही तेच, फक्त पाटी बदलली.

यावर लगेच विचारले जाते की मग उज्जैनचा विक्रमादित्य झालाच नाही का? एवढ्या पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही. नाव उशिरा चिकटले म्हणून माणूस नव्हता, असे ठरत नाही. तसेच संवताला नाव आहे म्हणून माणूस होता, असेही ठरत नाही. दुसरा चंद्रगुप्त खरा, त्याची नाणी खरी, त्याने पश्चिम भारतातल्या शक क्षत्रपांना हरवले हेही खरे. पण त्याचा आणि संवताच्या आरंभाचा मेळ घालायचा तर मध्ये सव्वाचारशेहून जास्त वर्षांचे अंतर पडते. इतिहासकारांचा वाद या अंतरापाशी येऊन थांबतो. एका नावाखाली निदान दोन, कदाचित जास्त, माणसे एकत्र झाली आहेत, एवढे मात्र नक्की.

जुन्या पाटीवरचे साल कसे काढायचे

हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण चुका नेहमी इथेच होतात. देवळाच्या पायरीवर, घंटेवर, जुन्या चोपडीत किंवा धर्मशाळेच्या दगडावर 'वि. सं. १९७५' असे कोरलेले असते आणि वाचणारा ५७ वजा करून १९१८ सांगून मोकळा होतो. कधी ते बरोबर येते, कधी एका वर्षाने चुकते.

अडचण अशी की विक्रम संवताचे वर्ष सगळीकडे एकाच दिवशी बदलत नाही. उत्तर भारतात ते चैत्रात बदलते. गुजरातेत, आणि महाराष्ट्रातल्या दिनदर्शिकांवरही, ते कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला बदलते. कच्छमध्ये तर आषाढात. त्यामुळे चैत्रापासून आश्विनापर्यंतच्या सात महिन्यांत उत्तरेचा संवत गुजरातच्या एक पुढे असतो. मे २०२५ मध्ये वाराणसीच्या पंचांगात २०८२ होते आणि अहमदाबादच्या पंचांगात २०८१.

म्हणून आधी महिना पाहायचा. कार्तिक किंवा मार्गशीर्ष शुद्ध असेल तर दोन्ही पद्धतींत ५७ वजा करा. माघ किंवा फाल्गुन असेल तर दोन्हींत ५६, कारण तोवर इसवी सनाचे नवे वर्ष लागलेले असते. मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात इंग्रजी साल बदलते, तेव्हा तिथी पाहिल्याशिवाय बोलू नये. चैत्र शुद्ध ते आश्विन असेल तर मात्र 'लेख कुठला?' हे विचारावे लागते. उत्तरेकडचा असेल तर ५७ वजा, गुजराती पद्धतीचा असेल तर ५६. 'वि. सं. १९७५, वैशाख शुद्ध ३' हा लेख मथुरेचा असेल तर इ.स. १९१८, सुरतेचा असेल तर १९१९. सोबत वार दिलेला असेल तर उत्तमच. दोन्ही वर्षांतल्या त्या तिथीचे वार काढून पाहिले की बहुतेक वेळा एकच जुळतो. लेख फार जुना असेल तर आणखी एक शंका राहते. वर्ष 'गत' धरले आहे की 'वर्तमान', म्हणजे संपलेली वर्षे मोजली आहेत की चालू वर्ष, यावरही एकाचा फरक पडतो.

शालिवाहन शकावरून काढायचे असेल तर चैत्री पद्धतीत शक अधिक १३५. शके १९४७ म्हणजे विक्रम संवत २०८२. कार्तिकी पद्धतीत पाडव्यापूर्वीच्या सात महिन्यांसाठी १३४.

आणखी एक खड्डा ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. 'वि. सं.' म्हणजे विक्रम संवत आणि 'वी. सं.' म्हणजे जैनांचा वीर संवत. दोघांत ४७० वर्षांचे अंतर आहे आणि जैन मंदिरांच्या लेखांत दोन्ही शेजारी शेजारी कोरलेले असतात. वीर संवतही दिवाळीच्या पाडव्यालाच बदलतो, त्यामुळे दिनदर्शिकेच्या त्या एका चौकोनात २०८२ आणि २५५२ असे दोन आकडे आलेले दिसतील. वेलांटी झिजलेली असली तर आकड्यावरून ओळखावे.

नेपाळमध्ये हाच संवत 'बिक्रम' या उच्चाराने देशाचे अधिकृत पंचांग आहे. तिथे वर्ष एप्रिलच्या मध्याला वैशाखात लागते आणि महिने सौर असतात, म्हणजे तिथींवर चालत नाहीत. वरचे गणित तिथे जसेच्या तसे लावू नये.

चंद्रावर दोन विक्रम

'विक्रम चंद्रावर आदळला' आणि 'विक्रम चंद्रावर अलगद उतरला' ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. कारण विक्रम नावाची यंत्रे दोन.

पहिले चांद्रयान-२ बरोबर २२ जुलै २०१९ ला निघाले. ७ सप्टेंबरच्या पहाटे उतरताना, पृष्ठभागापासून साधारण २.१ किलोमीटरवर असेपर्यंत त्याचा संपर्क होता, मग तुटला. त्याचे अवशेष पुढे अमेरिकेच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेल्या छायाचित्रांत ओळखले गेले. दुसरे यंत्र चांद्रयान-३ चे. ते १४ जुलै २०२३ ला निघाले आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरले. दोन्हींचे नाव विक्रम आणि दोन्हींच्या पोटातल्या गाडीचे नाव प्रज्ञान. दुसऱ्याला नवे नाव न देता जुनेच पुढे चालवले गेले. म्हणून २०१९ चा लेख आणि २०२३ चा लेख एकत्र वाचणाऱ्याला विक्रम आधी कोसळून मग उठून उभा राहिल्यासारखा वाटतो. साल दिलेले नसेल तर उतरण्याच्या जागेचे नाव पाहावे. पहिल्याची जागा 'तिरंगा', दुसऱ्याची 'शिवशक्ती'.

हे नाव राजावरून आलेले नाही. ते विक्रम साराभाई यांच्यावरून आहे. १२ ऑगस्ट १९१९ ला अहमदाबादेत जन्म, ३० डिसेंबर १९७१ ला केरळात कोवळम इथे मृत्यू. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया त्यांनी घातला. थुंबा इथून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिले रॉकेट उडाले ते त्यांच्याच पुढाकारातून. त्यांच्या पश्चात तिरुवनंतपुरमच्या केंद्राला त्यांचे नाव मिळाले.

चंद्रावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव आहे, पण ते 'साराभाई'. सुमारे आठ किलोमीटर व्यासाचे हे विवर 'मारे सेरेनिटाटिस' नावाच्या मैदानी भागात आहे आणि लँडरची जागा तिथून फार दूर, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. आंतरराष्ट्रीय खगोल संघटना विवरांना सहसा आडनावे देते, आपल्याकडे यंत्रांना पाळण्यातले नाव मिळाले. एकाच माणसाची दोन नावे चंद्रावर दोन ठिकाणी आहेत, आणि माहीत नसणाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटू शकतात.

या लँडरने जाता जाता एक गंमत केली आहे. ३ सप्टेंबर २०२३ ला, झोपी जाण्याच्या आदल्या दिवशी, त्याने इंजिने पुन्हा पेटवली, जागेवरून सुमारे ४० सेंटिमीटर उचलला गेला आणि ३०-४० सेंटिमीटर बाजूला टेकला. बातम्यांत तिला 'उडी' म्हटले. धातूचा अर्थ धरला तर तो त्याचा पहिला खराखुरा विक्रम, म्हणजे पाऊल.

चिप, रॉकेट आणि टेम्पो

साराभाईंच्या नावाचा वारसा पुढेही चालू आहे. 'विक्रम-३२०१' ही चिप त्यांच्याच नावाच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राने मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेच्या साथीने तयार केली. इथे आकड्याकडे नीट पाहावे. सुरुवातीचे ३२ म्हणजे बत्तीस बिटची. हिच्या आधीची 'विक्रम-१६०१' सोळा बिटची होती आणि ती २००९ पासून इस्रोच्या प्रक्षेपक यानांत वापरात आहे. 'विक्रम-१' मध्ये मात्र १ म्हणजे बिट नव्हे. ते हैदराबादच्या स्कायरूट या खासगी कंपनीचे, उपग्रह कक्षेत नेण्यासाठी आखलेले रॉकेट. त्याच कंपनीचे 'विक्रम-एस' १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून उडाले आणि ८९.५ किलोमीटर उंची गाठून समुद्रात पडले. तसे पडणेच ठरलेले होते, ते उपकक्षीय, म्हणजे कक्षेत न जाता खाली येणारे, उड्डाण होते. तेव्हा 'विक्रम पडला' हा मथळा २०१९ मध्ये अपयशाचा आणि २०२२ मध्ये यशाचा.

लखनौ, कानपूर, देहरादून या बाजूला 'विक्रम पकडा' म्हटले तर यातले काहीच अभिप्रेत नसते. तिथे विक्रम म्हणजे शेअर भाड्याची मोठी तीनचाकी. लखनौच्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कारखान्याने त्या नावाने ती बनवली, आणि झेरॉक्स किंवा जेसीबीचे झाले तेच हिचे झाले. एका कंपनीच्या मालाचे नाव त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना पडले. विशेषनाम सामान्यनाम होते ते असे, कोणालाही न विचारता.

'विक्रमने' आणि 'विक्रमाने'

कोणता विक्रम, हे ओळखण्याची सर्वांत चोख खूण मराठीच्या व्याकरणातच आहे आणि ती आपण रोज नकळत वापरतो. रोमन लिपीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते, त्यामुळे नाव डोळ्यांना कळते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. त्यांचे काम मराठीत बऱ्याच अंशी सामान्यरूप करते. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल म्हणजे सामान्यरूप. 'देव' ला प्रत्यय लागला की 'देवाला', 'देवाने' होते.

आता पाहा. 'या विक्रमाने सगळे थक्क झाले' म्हटले की उच्चांकाविषयी बोलणे चालले आहे. 'विक्रमने सगळ्यांना थक्क केले' म्हटले की विक्रम हा माणूस आहे. आजच्या व्यवहारातल्या माणसाच्या नावाला सामान्यरूप होत नाही. सचिनने, विक्रमला, अमितचा. सामान्य शब्दाला ते होते. म्हणून 'विक्रमचा विक्रम' या दोन शब्दांत कोण माणूस आणि कोणती कामगिरी, हे एका 'चा' च्या आधीच्या अक्षरावरून कळते. 'विक्रमाचा विक्रम' लिहिले की सगळे विस्कटले.

अपवाद आहे, आणि तोही मासलेवाईक आहे. जुन्या, पुराणातल्या किंवा इतिहासातल्या नावांना सामान्यरूप होते. रामाने, कृष्णाला, विक्रमाच्या खांद्यावर. वर्गातल्या राम नावाच्या मुलाने गृहपाठ केला असेल तर बोलताना 'रामने' येते, लंका जिंकली असेल तर 'रामाने'. वेताळाचा राजा 'विक्रमाने', शेजारचा मुलगा 'विक्रमने', लँडरही 'विक्रमने', कारण यंत्राला आपण आजच्या माणसाच्या पंगतीत बसवले आहे. नौदलाच्या विमानवाहू जहाजाचे पाहा. 'विक्रमादित्यवर विमान उतरले' आणि 'विक्रमादित्याच्या दरबारात पंडित जमले'. पहिल्या वाक्यात काना दिला तर विमान राजाच्या अंगावर उतरते.

अनेकवचनही कामाला येते. 'विक्रम' चे अनेकवचन विक्रमच, पण प्रत्यय लागताच 'विक्रमांची यादी', 'विक्रमांना गवसणी' असे अनुस्वार येतात. तसे दिसले की माणूस असण्याची शक्यता जवळजवळ संपली. क्रियापदेही वेगळी. उच्चांकाचा विक्रम होतो, रचला जातो, नोंदवला जातो, मोडतो, अबाधित राहतो. माणूस येतो, जातो, चिडतो.

मोडतो तो विक्रम

स्पर्धेतली सर्वोच्च कामगिरी या अर्थाने 'विक्रम' हा मराठीचा आपला संसार आहे. हिंदीत यासाठी 'रिकॉर्ड' किंवा 'कीर्तिमान' म्हणतात. मराठीत विश्वविक्रम, राष्ट्रीय विक्रम, विक्रमवीर, विक्रमी असा सगळा गोतावळा तयार झाला आहे. दोन भाषा वाचणाऱ्याची फसगत इथे हमखास होते. मराठीत 'विक्रमी उत्पादन' म्हणजे उच्चांकी उत्पादन. हिंदी आणि पंजाबीत 'विक्रमी', 'बिक्रमी' हे संवताचे विशेषण. तिकडच्या लेखातले 'विक्रमी २०८२' हे साल आहे. मराठी वाचक तिथे दोन हजार ब्याऐंशीचा कसला तरी उच्चांक शोधत बसतो.

वापराबद्दल एक मत. या शब्दात अजून पराक्रम शिल्लक आहे. म्हणून 'विक्रमी घसरण', 'अपघातांचा विक्रम' हे कानाला खटकते, आणि खटकायलाच हवे. कोणी तरी केलेल्या कर्तबगारीला विक्रम म्हणावे. नुसत्या आकड्याने टोक गाठले असेल तर उच्चांक आणि नीचांक हे चांगले नेमके शब्द आहेत. पाऊस विक्रम करत नाही, त्याच्या नोंदीत उच्चांक होतो.

'संदर्भावरून कळतेच की!'

माणसाला कळते, तेही बहुतेक वेळा. मथळ्यात संदर्भ नसतो आणि शोधाच्या चौकटीत तर नसतोच. नुसते 'विक्रम' टाइप केले तर नट, लँडर, संवत आणि क्रिकेटचे आकडे एकाच टोपलीत येतात. भाषांतर करणारी यंत्रणा 'विक्रम मोडला' याचे भाषांतर विक्रम नावाचा गृहस्थ खचला असे करू शकते, कारण देवनागरीतून तिला मोठ्या अक्षराची खूण मिळत नाही.

उपाय साधा आहे. नावाला कायम एक शेजारी द्यावा. 'विक्रम लँडर, चांद्रयान-३'. 'विक्रम-३२०१ चिप'. 'विक्रम संवत' किंवा 'वि. सं.', आणि शक्य असेल तिथे कंसात इसवी सन. नोंदी ठेवणाऱ्यांनी 'विक्रम' असे एकच खाते न उघडता सुरुवातीपासून शेजाऱ्यासकट खाती उघडावीत, कारण मागाहून वेगळे काढायचे काम दहापट पडते. लेखात पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव लिहून पुढे नुसते विक्रम चालते, पण त्याच लेखात कोणी उच्चांक मोडणार असेल तर त्याला 'उच्चांक' म्हणावे. नेपाळी आणि बंगाली मजकुरात शोधताना 'बिक्रम' हेही रूप शोधायला विसरू नये.

मग प्रत्येकाला वेगळेच नाव का देत नाहीत?

काही वेळा देतात. उज्जैनचे १९५७ साली सुरू झालेले विक्रम विद्यापीठ २०२५ मध्ये सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ झाले. ते राजाचे की साराभाईंचे, ही शंका आता कोणाला येणार नाही.

पण पुष्कळदा नाव पुन्हा वापरणे हाच हेतू असतो. नौदलात जहाज निवृत्त होते आणि त्याचे नाव पुढच्या जहाजाला मिळते. 'विक्रांत' हा विक्रमाचा सख्खा भाऊ, त्याच धातूचे भूतकालवाचक रूप. पहिली विक्रांत १९६१ मध्ये दाखल झाली आणि १९९७ मध्ये निवृत्त झाली. दुसरी २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली. पहिली ब्रिटनमध्ये बांधलेली, दुसरी भारतात. नाव तेच आणि बाजूवर रंगवलेला आर-११ हा क्रमांकही तोच. या दोघींना वेगळे काढायला व्याकरणही उपयोगी पडत नाही आणि आकडाही पडत नाही. तिथे साल लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.